साडेतीन सेकंद

वागळे इस्टेट, तिसरा मजला.
खाली लग्नपत्रिकांचा छापखाना.
मशीन सुरू झालं की माझ्या स्पीकरखालची फरशी
श्रीगणेशाय नमः श्रीगणेशाय नमः
अशी थरथरते.

माझं काम आवाजाचं.
हशा भरायचा, खोकला काढायचा,
सांगतील तिथे टूं लावायचं.
आईवरच्या शिवीला टूं,
सिगारेटच्या नावाला तेच टूं,
आणि परवापासून देवालाही.

प्रफुल्ल तांडेल, दिवाळे गावचा,
कासारवडवलीच्या सेटवर पुठ्ठ्याची सोंड लावून आला,
मंडळाच्या टेबलासमोर उभा राहिला, म्हणाला,
"भाऊ, माझ्या नावानं फाडलेली पावतीबुकं
जरा बघायला मिळतील का?"
कार्यकर्ता म्हणाला, "आपण कोण?"
त्यावर प्रफुल्लचं वाक्य असं होतं :

टूं.

माफ करा. हाताची सवय.

चॅनेलच्या कायदे विभागाचा मेल आला होता.
नवव्या मिनिटापासून साडेतीन सेकंद.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द, भावना.
कुणाच्या, याला रकाना नव्हता.

सोमवारी रात्री भाग दाखवला.
मंगळवारी सकाळी लोकमान्य नगरच्या रिक्षावाल्यानं
आरशात बघत मला सांगितलं
त्या टूंखाली काय होतं ते.
संध्याकाळी जिन्यात शिंत्रे काकूंनी सांगितलं,
पदर तोंडाशी धरून, अगदी वेगळं.
दोन्ही इतकं घाण
की प्रफुल्लला जन्मात सुचलं नसतं.

बुधवारी चाळीसेक माणसं आली.
मी साडेतीन सेकंद रिकामे सोडले होते,
ते त्यांनी आपापल्या घरून भरून आणले होते
आणि भरलेलं ऐकून
खरंच दुखावले होते.
एकानं दगड मारला, तो आमच्यापर्यंत पोचला नाही,
छापखान्याची काच गेली.
पत्रिकांचा गठ्ठा रस्त्यावर सांडला.
मग सगळेच वाकले.
चिखलातून एकेक पत्रिका उचलून, शर्टाला पुसून,
कपाळाला लावून परत देत होते
छापखानेवाल्या इस्माईलभाईंना.
त्यांनी मोजून घेतल्या.
अकरा कमी भरल्या.

गुरुवारी प्रफुल्ल माफी रेकॉर्ड करायला आला.
सोंड नाही. इस्त्रीचा शर्ट, आईनं दिलेला.
"माझ्या बोलण्यानं कुणाच्या भावना
दुखावल्या असल्यास"
तीनदा घेतलं.
तिसऱ्या वेळी "असल्यास"वर
त्याच्या नाकातून हसू सुटलं, एवढंसं.
काचेपलीकडून मॅडमनी बोटांची कात्री करून दाखवली.
मी कापलं.
अर्ध्या सेकंदाहून कमी होतं ते.
आता माफी स्वच्छ वाजते,
दाताच्या दवाखान्यासारखी.

रात्री वर्तक नगरला, घरी,
बाबांनी ती माफी पाहिली.
बाबा तीस वर्षं कुडाळकडे दशावतारात संकासुर.
काळे कपडे, लांब लाल जीभ,
देवळाच्या दारात, देव बघत असताना
भटजीला विचारायचे,
"येद तर माझ्या पोटात,
मगे तू इतकी वरसां म्हणत काय होतंस?"
आणि भटजीचं काम करणारा
देवळातलाच भटजी असायचा कधी कधी,
त्याला हसू आवरायचं नाही.

"ह्येना म्हटल्यान तरी काय?" बाबांनी विचारलं.
मी वाक्य सांगितलं.
ते हसले नाहीत.
गुडघ्यावर तेल जिरवत राहिले.
"वायच थांबाक होया होता,"
ते म्हणाले, "आपण कोण, म्हटल्यावर.
आदी देवाक हसाक देवचा.
मगे लोक भियेनत नाय."

मग म्हणाले, परत म्हण. थांबून.

मी थांबले. पंखा वाजत होता.
समोर टीव्हीवर बिनआवाजाचा प्रफुल्ल हात जोडून.
मी वाक्य म्हणायला लागले
आणि स्वयंपाकघरात नेमकी कुकरची शिट्टी झाली,
पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

बाबा इतके हसले की ठसका लागला.
पाणी आणून दिलं.
वाक्याला हसलात की शिट्टीला,
ते विचारायचं राहून गेलं.